रँग्लरांचा वारसा
केंब्रिजच्या गणितातील ‘ट्रायपॉस’ परीक्षेत १८९९ साली ‘सीनियर रँग्लर’ हा अव्वल मान मिळविणारे पहिले हिंदी, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, पुण्यास परतून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले, त्याच सुमारास विलायतेत त्या परीक्षेची जुनी घडी मोडू लागली होती. गतिशास्त्र, प्रकाशशास्त्र इत्यादींतील बिकट उदाहरणे त्वरेने सोडविण्याच्या कौशल्यावर गुणानुक्रम मुक्रर करून तो जाहीर करण्याची प्रथा १९०९ नंतर संपुष्टात आली. आणि त्यापूर्वीच, १९०८ साली, केंब्रिजचेच गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी शुद्ध गणितावरील आपल्या पाठ्यपुस्तकात सीमा, सांतत्य व अभिसरण या संकल्पनांची काटेकोर मांडणी केली होती. पदवीच्या अंतिम वर्षी विश्लेषण व अमूर्त बीजगणित शिकताना विद्यार्थ्यास सिद्धतेचे जे सात्त्विक समाधान लाभते, ते याच परिवर्तनाचे अमोल देणे होय.