हिरवा रंग कुणाचा?

दिवाळीच्या आधी कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात गेलात तर पणत्यांच्या शेजारी किल्ल्यावरची चित्रे मांडलेली दिसतात. पुण्यात या मातीच्या बाहुल्यांना चित्रेच म्हणतात. सिंहासनावरचे महाराज, भालदार, तोफा, मावळे. भाच्याच्या वर्गाने किल्ला करायचे ठरवले होते, म्हणून आम्ही दोघांनी न रंगवलेले डझनभर शिपाई आणले. घरी आल्यावर तो म्हणाला, "मामू, माझ्याकडे खानाची फौज आलीय. हिरवा रंग लागेल."

वर्गात मुसलमान तो एकटाच. फौज कुणी वाटून दिली, हे मी विचारले नाही. पण रंगाबद्दल बोलणे भाग होते, कारण तो रंग इतिहासाला धरून नाही.

सतराव्या शतकात दख्खनच्या फौजांना आजच्यासारखा ठरावीक गणवेश नव्हता. साधा शिपाई अंगरखा, तुमान आणि डोक्याला पागोटे असाच असे. कपडे आपल्या ऐपतीप्रमाणे. एकसारख्या पोशाखातल्या कवायती पलटणी आपल्याकडे पुढच्या शतकात आल्या. निशाणे वेगवेगळी होती, अंगावरचे कपडे नव्हते. शिवाय माणसेही सरमिसळ होती. प्रतापगडाच्या भेटीत महाराजांच्या दहा अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता, आणि अफजलखानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर.

याचा सर्वांत मोठा पुरावा आमच्या पेठेतच आहे. ५ एप्रिल १६६३ ची रात्र. शाहिस्तेखान लाल महालात मुक्कामाला, भोवती मोगलांची अफाट छावणी. महाराज निवडक माणसे घेऊन त्या छावणीत शिरले. जदुनाथ सरकारांनी दिलेल्या हकिकतीप्रमाणे पहारेकऱ्यांनी हटकले तेव्हा त्यांनी सांगितले, आम्ही बादशाही फौजेतलेच दख्खनी शिपाई, नेमलेल्या जागेवर चाललो आहोत. पहारेकऱ्यांना ते पटले, कारण मोगलांच्या चाकरीत मराठे होतेच आणि दिसायला दोघे सारखेच होते. महिना रमजानचा. रोजा सोडून, जेवून बहुतेक नोकर झोपले होते. काही आचारी सहरीच्या तयारीला उठले होते. पुढचे सर्वांना माहीत आहे. खानाची बोटे गेली, मुलगा अबुल फतह मारला गेला आणि महाराज सुखरूप निसटले.

आता कल्पना करा, एक फौज भगवी आणि दुसरी हिरवी असती तर? पहिल्याच चौकीवर सगळे पकडले गेले असते. म्हणजे आपण चित्रांना जे दोन रंग देतो, ते खरे मानले तर महाराजांचा सर्वांत धाडसी छापा अशक्य ठरतो. या रंगवण्यात मुसलमानांवर अन्याय होतो, ही तक्रार आपण नेहमी करतो आणि ती खरीही आहे. पण त्यात महाराजांच्या हुशारीवरही पाणी पडते, हे कुणी सांगत नाही.

मग रंग कुठले द्यायचे? जुनी चित्रे पाहावीत. इटालियन प्रवासी मनुची याने मीर मुहम्मद या चित्रकाराकडून करवून घेतलेला संग्रह पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात घोड्यावर बसलेले शिवाजी महाराज आणि सोबत पायी चालणारे शिपाई आहेत. महाराजांच्या हयातीच्या आसपास त्यांची छबी रंगवणाऱ्यांत एक मुसलमान चित्रकार होता, हेही भाच्याला सांगितले.

दोन संध्याकाळी आम्ही रंगवत बसलो. अंगरखे पांढरे, काही मळकट. पागोटी निळी, तांबडी, पिवळी; एकदोन हिरवीसुद्धा, कारण हिरवे कापड कोणीही वापरत असे. सगळे वाळल्यावर भाचा गोंधळला. "मामू, आता खानाचे कोणते आणि महाराजांचे कोणते, हे कळणार कसं?"

मी म्हटले, "त्या रात्री लाल महालाच्या पहारेकऱ्यांनाही कळलं नव्हतं. वर्गात विचारलं तर हेच सांग."

सकाळी त्याने शिपाई खोक्यात भरले. दारातून वळून म्हणाला, "मग मी दोन्हीकडचे रंगवलेत, असं सांगू?"

"सांग की," मी म्हटले. "खरंच आहे ते."