कोणाचं झाकायचं, कोणाचं उघडायचं?

मंडळी, मतदारयादी हा मोठा गमतीचा कागद आहे. त्यात आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय असं सगळं असतं, आणि तरीही तो गुप्त नसतो. उलट लोकांनी पाहावा म्हणूनच तो प्रसिद्ध करतात. खोटं नाव घुसलं असेल तर हरकत घेता यावी, खरं नाव गळलं असेल तर दावा करता यावा, हा त्यामागचा हेतू. पूर्वी हा कागद पाहायला सरकारी कचेरीत जावं लागे. आता आमच्या कर्जत मतदारसंघाची, म्हणजे कर्जत तालुका आणि खालापूरचा मोठा भाग यांची यादी घरबसल्या मोबाईलवर उतरवून घेता येते.

मध्यंतरी माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "बाई, माझं वय आणि घर नंबर सगळ्या जगाला दिसतो. पण मी एका कचेरीत कामाच्या मंजुरीची माहिती मागितली, तर 'ही वैयक्तिक माहिती आहे' असं उत्तर आलं. हा कुठला न्याय?"

प्रश्न रास्त आहे. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे मी उत्तर मागच्या काळात शोधते.

इंग्लंडमध्ये १८७२ सालापर्यंत मतदान उघड होतं. मतदाराने सगळ्यांसमोर उमेदवाराचं नाव घ्यायचं आणि कारकुनाने ते लिहून घ्यायचं. पुढे कोणी कोणाला मत दिलं याची पुस्तकं छापून विकलीही जात. राजकारणाची सार्वजनिक माहितीच ती! पण ती वाचायला सर्वांत उत्सुक कोण असे? जमीनदार. आपल्या कुळाने कोणाला मत दिलं हे त्यात पाहता येई. १८७२ च्या कायद्याने गुप्त मतदान आलं तेव्हा कुळाच्या डोक्यावरची ही टांगती तलवार गेली. आमच्या जुन्या कुलाबा जिल्ह्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ पासून जवळजवळ सहा वर्षं संप चालवला होता. अशा गावात कुळाचं मत खोताला कळलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पनाच केलेली बरी.

स्वतंत्र भारताने पहिल्या दिवसापासून गुप्त मतदान स्वीकारलं. मात्र मत गुप्त ठेवायचं तर मतदाराचं नाव उघड हवं, आणि तिथेच एक पेच उभा राहिला. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी उत्तरेकडच्या काही राज्यांत असंख्य स्त्रियांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढंच सांगितलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम भूमिका घेतली, की नाव सांगितल्याशिवाय नोंद नाही. सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रिया त्यामुळे यादीबाहेर राहिल्या. निर्णय कठोर होता. पण त्यामुळेच पुढच्या निवडणुकांत स्त्रिया स्वतःच्या नावाने यादीत आल्या.

नोकरीत असताना यादीच्या कामासाठी मीही वाड्यावस्त्यांवर फिरले आहे. शिक्षकांना ते काम चुकत नसे. नवऱ्याचं नाव विचारलं की एखादी म्हातारी पदराआड हसायची आणि नाव शेजारीण सांगायची. स्वतःचं नाव मात्र ती मोठ्याने सांगायची. सेनसाहेबांच्या त्या कठोरपणाचं महत्त्व मला अशा वेळी कळायचं.

म्हणजे नियम साधा होता. नाव उघड, मत झाकलेलं. पुढे त्याला तडा गेला तो यंत्रामुळे. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणीपूर्वी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची तरतूद नियमात होती. त्यामुळे कुठल्या गावाने कोणाला मतं दिली ते कळत नसे. २००४ ची लोकसभा निवडणूक देशभर मतदान यंत्रांवर झाली. यंत्र प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा सांगतं आणि तो तक्ता प्रसिद्धही होतो. शहरात याचं काही वाटत नाही. पण डोंगरातल्या एखाद्या केंद्रावर दोनचारशेच मतं असतील, तर त्या वाडीचं मत झाकलेलं राहिलं कुठे? 'अमक्या वाडीने आपल्याला दिलं नाही, मग रस्ता कशाला?' असं तक्ता हातात घेऊन बोलणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. यावर उपाय म्हणून अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं 'टोटलायझर' हे उपकरण निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं. २०१५ मध्ये विधी आयोगानेही शिफारस केली. केंद्र सरकारने ती मानली नाही.

आता दुसरी बाजू पाहा. ज्याला मत द्यायचं त्याच्याविषयी आपल्याला काय कळत होतं? पक्ष आणि चिन्ह! अहमदाबादच्या काही प्राध्यापकांनी १९९९ मध्ये असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था काढली आणि न्यायालयात दाद मागितली. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण जाणून घेण्याचा मतदाराला हक्क आहे. संसदेने कायद्यात बदल करून यातलं बरंच टाळायचा प्रयत्न केला. मार्च २००३ मध्ये न्यायालयाने तोही रद्द केला. आज ती प्रतिज्ञापत्रं गोळा करून मांडणारी संकेतस्थळं आहेत. उमेदवाराची मालमत्ता पाच वर्षांत किती वाढली ते खोपोलीच्या रिक्षा स्टँडवरही कळतं. आपल्या बायकोमुलांची मालमत्ता लोकांनी का पाहावी, असं पुढारी म्हणत. न्यायालयाचं म्हणणं, सत्ता मागायला आलात, तर एवढं दाखवा.

महाराष्ट्राने २००२ चा स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा पूर्णपणे लागू झाला. त्यातही खाजगीपणाला जागा होती. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली वैयक्तिक माहिती नाकारता येत असे. पण त्याच कलमात म्हटलं होतं, की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती सामान्य माणसालाही नाकारू नये. किती सुंदर वाक्य! २०१२ मध्ये गिरीश देशपांडे खटल्यात, अकोल्याच्या एका अधिकाऱ्याला मिळालेल्या नोटिसा, शिक्षा आणि त्याची मालमत्ता ही वैयक्तिक माहिती आहे असा निकाल आला. कचेऱ्यांना तो फार सोयीचा वाटला. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याला धरून २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आला, आणि त्याने माहिती अधिकारातलं ते कलम आखूडच करून टाकलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल लागूही झाला. आता 'वैयक्तिक माहिती' एवढे दोनच शब्द उरले आहेत. ते सुंदर वाक्य गेलं.

सामान्य मतदाराच्या माहितीची काळजी कोणी घेतलीच नाही, असं मात्र नाही. शोधता येईल अशी यादी हवी म्हणून दोन काँग्रेस नेते २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले होते. आयोग यादी चित्ररूपात देतो, म्हणजे ती वाचता येते पण संगणकाने चटकन चाळता येत नाही. आयोगाने मतदारांच्या खाजगीपणाचं कारण दिलं आणि न्यायालयाने ती मागणी फेटाळली. २०२५ मध्ये हा वाद पुन्हा पेटला. यादीतली दुबार नावं शोधायची तर संगणक हवा, आणि त्याच संगणकाने घराघराची कुंडलीही मांडता येते. दोन्ही बाजूंना तथ्य आहे.

माझी कसोटी साधी आहे. माहिती कोणाची, हे नंतर पाहावं. आधी पाहावं की तिच्यामुळे कोण कोणाला जाब विचारू शकतो. प्रतिज्ञापत्रामुळे मतदार पुढाऱ्याला जाब विचारतो, म्हणून ते उघड हवं. केंद्रवार तक्त्यामुळे पुढारी वाडीला जाब विचारतो, म्हणून तो झाकायला हवा. पुढाऱ्याचं आजारपण किंवा कर्मचाऱ्याचा घरचा फोन नंबर चव्हाट्यावर आणायचं कारण नाही. पण कामाची मंजुरी कोणी दिली आणि पैसे कोणी उचलले, हे खाजगी कसं?

त्या विद्यार्थ्याला मी म्हटलं, पहिलं अपील कर आणि त्यात कलम ८(२) चा उल्लेख कर. व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते, ही तरतूद अजून शाबूत आहे. ती किती दिवस राहील, हे आपण ती किती वापरतो त्यावर ठरेल.

असो. प्रारूप यादी लागली की आपलं नाव तेवढं पाहून घ्या.