चिंचेने धुतलेली शिवराई

दिवाळीआधी घरातली तांब्या-पितळेची भांडी चिंच-मीठ आणि राखेने घासण्याचे काम लहानपणी माझ्याकडे असे. एका वर्षी आजोबांच्या डबीतल्या, लक्ष्मीपूजनात ठेवायच्या सात शिवराया मी भांड्यांबरोबर घासून काढल्या. काळपट नाणी लालगुलाबी झाली. आईने कौतुक केले; आजोबा काहीच बोलले नाहीत. पुढे नाण्यांचा नाद लागला, तेव्हा त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ कळला.

शिवराई हे शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकापासूनचे, म्हणजे १६७४पासूनचे तांब्याचे नाणे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. महाराजांच्या निधनानंतरही, पेशवाईच्या अखेरीपर्यंत, याच नावाने शिवराया पडत राहिल्या. बहुतेकींवर सन नाही. त्यामुळे हातातले नाणे शिवकाळातले की पेशवाईतले, हे ठरवायला अक्षरांचे वळण, कडेची टिंबांची माळ, एखादे बारीक चिन्ह आणि वजन एवढाच आधार उरतो. घासल्याने झिजतो तो नेमका हाच पुरावा.

तांब्यावरचा काळपट थर म्हणजे मळ नव्हे. हवा, ओल आणि माती यांच्या दीर्घ सहवासात तो धातूवर धरतो आणि खालच्या धातूला बऱ्याच अंशी राखतो. चिंचेतले आम्ल तो विरघळवते. राखेचे कण उठावाची अक्षरे खरवडतात. शिवराईच्या नकली प्रतीही पुष्कळ आहेत, आणि हा थर अस्सलपणाचा एक साक्षीदार असतो. तो गेला की अस्सल नाण्याकडेही संशयाने पाहिले जाते. संग्राहक पैसे मोजतो ते चकाकीसाठी नव्हे, विश्वासासाठी. म्हणूनच नाण्यांची ७० गुणांच्या मापाने प्रतवारी करणाऱ्या मोठ्या संस्था घासलेल्या नाण्याला सहसा गुणांक देत नाहीत. ‘साफ केलेले’ असा शेरा तेवढा मारतात.

ही चूक फक्त स्वयंपाकघरात होते असे नाही. ब्रिटिश म्युझियममधली पार्थेनॉनची शिल्पे १९३७-३८ साली नव्या दालनासाठी साफ करण्यात आली. दालनाचा खर्च देणाऱ्या लॉर्ड डुवीन यांना ती पांढरीशुभ्र हवी होती. कामगारांनी तांब्याच्या हत्यारांनी संगमरवराचा वरचा थर खरवडला. बोभाटा झाला, चौकशी झाली. गेलेला पृष्ठभाग परत आला नाही.

मग जुन्या वस्तूला हातच लावू नये का? तसेही नाही. नाण्यावर फिकट हिरवी भुकटी धरू लागली, तर तो क्षारांमुळे लागलेला रोग समजावा. तो धातू पोखरत जातो आणि तिथे जाणकाराकडून उपचार करून घेणेच योग्य. बंद पडलेल्या घड्याळाचा तुटलेला भागही बदलावा लागतो. मात्र काढलेला मूळ भाग जपून ठेवावा. ऱ्हास थांबवणारी, ओळखू येणारी आणि शक्यतो मागे घेता येणारी दुरुस्ती वस्तूची किंमत राखते. वय पुसून नवेपणा आणणारी दुरुस्ती ती घटवते.

त्या सात शिवराया आजही माझ्याकडे आहेत. त्यांतल्या तीन कोणत्या काळातल्या, हे मला आता ठरवता येत नाही. डबीत मी एक चिठ्ठी ठेवली आहे: ‘चिंच आणि राखेने घासलेल्या.’ पुढे त्या ज्याच्या हाती जातील, त्याला एवढे तरी खरे कळावे.