ऑक्टरार्डर

स्कॉटलंडच्या पर्थशर भागातील छोटे गाव. पर्थच्या नैर्ऋत्येस सुमारे २२ किमी. वस्ती मुख्यतः एकाच लांब रस्त्याच्या कडेने पसरलेली. जवळच ग्लेनईगल्सचे हॉटेल व गोल्फची मैदाने आहेत आणि पर्यटक येतात ते त्यांच्यासाठी. प्रेस्बिटेरियन चर्चच्या इतिहासात मात्र हे गाव गाजले ते भांडणांमुळे.

१७१७ मध्ये येथील प्रेस्बिटरीने (परिसरातील पाळक व वडीलजनांच्या मंडळाने) पाळकपदाच्या उमेदवारांसाठी घातलेली श्रद्धाविषयक अट चर्चच्या सर्वोच्च सभेने फेटाळली. पण खरी ठिणगी पडली ती १८३४ साली. पाळक नेमण्याचा हक्क तेव्हा सरदार-जमीनदारांकडे असे. वतनासारखा तो वारसाने चाले, विकताही येई. अर्ल ऑफ किनूल यांनी येथे रॉबर्ट यंग यांना नेमले. मंडळीतील ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी विरोध नोंदवला. यंग यांच्या बाजूने सही करणारे गावकरी फक्त दोन, शिवाय अर्लचा कारभारी. प्रेस्बिटरीने यंग यांना नाकारले, तेव्हा ते न्यायालयात गेले. १८३८ मध्ये आठ विरुद्ध पाच मतांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला व पुढच्याच वर्षी हाउस ऑफ लॉर्ड्‌सने तो कायम केला. मंडळीच्या नकाराला कायद्याने काडीचीही किंमत उरली नाही.

या व अशाच खटल्यांतून चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये १८४३ ची फूट पडली. ४७४ पाळकांनी घर व वेतन सोडून फ्री चर्च स्थापन केले. मुंबईत मिशनरी जॉन विल्सन यांनीही त्याचीच कास धरली. विल्सन कॉलेज त्यांच्याच शाळेतून वाढले.

पुढची विलीनीकरणे एडिंबरोत ठरली. त्यांत या गावाचा वाटा नाममात्रच. १८७४ मध्ये जमीनदारांचा हक्क रद्द झाला, तरी फुटलेले लगेच परतले नाहीत. जुन्या फुटीर गटांतून १८४७ मध्ये झालेले युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्च व फ्री चर्च १९०० साली एकत्र येऊन युनायटेड फ्री चर्च झाले. बाहेर राहिलेल्या मूठभरांनी दावा लावला आणि १९०४ मध्ये फ्री चर्चची सारी मालमत्ता जिंकली. वाटणीसाठी १९०५ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. आध्यात्मिक बाबतीतील चर्चचे स्वातंत्र्य १९२१ च्या कायद्याने मान्य झाले. ऑक्टरार्डरचा झगडा नेमका त्यासाठीच होता. त्यानंतरच १९२९ मध्ये युनायटेड फ्री चर्चचा बहुतांश भाग चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये विलीन झाला. १९०० व १९२९ या दोन्ही वेळी बाहेर राहिलेल्यांची चर्चे स्कॉटलंडमध्ये आजही आहेत.