इसापूर जलाशय

हिंगोली व यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर, पैनगंगा नदीवरील ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या धरणामुळे झालेला जलाशय व पक्षी अभयारण्य (२०१४, सु. ३७·८० चौ. किमी.). १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याला ना समुद्र, ना खाडी. उथळ गोड्या पाण्यातले प्राणिजीवन येथे मुख्यतः धरणांच्या फुगवट्यात आढळते. पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर व येलदरी हे त्याच प्रकारचे जलाशय.

धरणाच्या भिंतीजवळच्या खोल पाण्यात पाणकावळे सोडले, तर पक्ष्यांना फारसे काम नसते. खरी वर्दळ गुडघाभर पाण्यात. किनाऱ्यावर भरती-ओहोटी जे करते ते येथे कालव्याची आवर्तने करतात : रब्बीसाठी पाणी सुटू लागले, की काठ उघडा पडतो आणि ओल्या गाळातल्या अळ्या, किडे, गोगलगायी वर येतात. त्यांवर शेकाटे, तुतवार, धोबी यांची गुजराण होते. मिटलेल्या चोचीतही फट राहणारा उघड्या चोचीचा करकोचा मुख्यतः गोगलगायी टिपतो. चित्रबलाक मात्र उघडी चोच पाण्यात फिरवून मासे धरतो. तिबेट-मंगोलियाकडून हिवाळ्यात दख्खनच्या जलाशयांवर उतरणारे पट्टकादंब हंस काठचे गवत व कोवळी पिके खातात. उघड्या पडलेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात, तेव्हा हंसांचे चरणे त्यांना परवडत नाही, हेही खरे.

पाण्याची पातळी सतत खालीवर होत असल्याने कमळ-कुमुदिनी येथे नीट रुजत नाहीत; म्हणून तरंगत्या पानांवर अंडी घालणारा कमळपक्षी मोठ्या धरणापेक्षा गावतळ्यात शोधावा. नदी सुरय उन्हाळ्यात बेटांवर उघड्या वाळूत अंडी घालतो. पाणी फार उतरले, की बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री घरट्यांपर्यंत पोहोचतात. अभयारण्याची हद्द आखून हा धोका टळत नाही. विणीच्या महिन्यांत पातळी सांभाळली तरच टळेल.

माशांपैकी कटला, रोहू, मृगळ यांचे बीज धरणांत सोडले जाते. मरळ हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे आटत्या डबक्यात ती इतर माशांपेक्षा अधिक काळ तग धरते. मऊ पाठीचे कासव गाळात पुरून उन्हाळा काढते. बेडूक व मासे खाणारी दिवड बिनविषारी असूनही हकनाक मारली जाते.

पक्षी पाहण्यास डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्यासाठी भिंतीवर न थांबता फुगवट्याच्या उथळ काठाकडे जावे.