मर्ग, दारू आणि गोंदण

विदर्भातलं वर्तमानपत्र उघडलं की आतल्या पानावर एक वाक्य हमखास भेटतं : 'पोलिसांनी मर्ग दाखल केला आहे.' पुण्या-मुंबईकडे त्याच जागी 'अकस्मात मृत्यूची नोंद' असते. मर्ग हा फारसी शब्द, अर्थ मरण. विदर्भातला वर्धा जिल्हा 1956 पर्यंत नागपूरसह मध्य प्रदेशात होता. मध्य प्रदेशातली ठाणी आजही 'मर्ग कायम' करतात, आणि राज्य बदललं तरी वर्ध्याकडच्या पोलिसी बोलीतून हा शब्द गेला नाही. फारसीतला मर्ग, संस्कृतातला मृत्यू आणि पोस्टमार्टेममधला लॅटिन 'मार्टेम' ही एकाच प्राचीन धातूची लेकरं. फायलीत तिघंही शेजारी-शेजारी असतात.

या शब्दाचा संयम मला मोलाचा वाटतो. माणूस मेला, एवढंच तो सांगतो. कुणी मारलं, अपघात झाला की त्यानं स्वतःच जीव दिला, याबद्दल अवाक्षर काढत नाही. गोळी लागून झालेल्या मृत्यूत हा संयम फार लागतो, कारण गावाचा निकाल पंचनाम्याआधीच लागलेला असतो. (पंचनाम्यातला 'पंच' संस्कृत, 'नामा' फारसी, कायद्याला आता पाच नव्हे, दोन माणसंही पुरतात.)

बंदुकीच्या गोतावळ्यातले शब्द मुळापर्यंत शोधत गेलं तर शस्त्र दिसतच नाही. बंदूक अरबी 'बुंदुक'वरून आली. बुंदुक म्हणजे हेझलनटचं गोल कवचाचं फळ, आणि ते नाव ग्रीकांच्या 'पाँटसचं फळ' यावरून, पाँटस म्हणजे काळ्या समुद्राकाठचा मुलूख. फळाचं नाव तशाच गोल गोळीला मिळालं, गोळीचं नळीला. काडतूस पोर्तुगिजांकडून आलं आणि त्याच्या मुळाशी 'कार्ता', म्हणजे कागद. पूर्वी मापाची दारू आणि गोळी कागदात गुंडाळून ठेवत. पुढे काडतूस पितळेचं झालं, तरी नावातला कागद तसाच राहिला.

दारूची कथा याहून लांबची. फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'त तो अर्थ अजून जिवंत आहे. बंदुकीत ठासायची भुकटी आणि प्यायचं मद्य, दोन्ही मराठीत त्याच नावानं ओळखली जातात. वर्धा जिल्ह्यात हे सगळे अर्थ एकत्र नांदतात. गांधीजींचा जिल्हा म्हणून इथं सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. पुलगावला लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. 31 मे 2016 च्या मध्यरात्रीनंतर तिथं लागलेल्या आगीत जवान आणि अग्निशामक कर्मचारी गेले. आणि सेवाग्रामला 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेलं वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं वॉर्डात गोळी दिली जाते ती तापाची. न्यायवैद्यक विभागाच्या कामात गोळी म्हणजे देहातून काढून, खूण करून, सीलबंद करायची वस्तू. एकच शब्द दोन्हीकडे चालतो आणि कुणी गोंधळत नाही.

गोळी नळीतून एकटी सुटत नाही. तिच्यासोबत आग, धूर आणि दारूचे अर्धवट जळलेले कण बाहेर पडतात. धूर जवळच विरतो आणि जखमेभोवती काजळी धरतो. ती पुसली जाते. कण थोडे पुढे जातात आणि कातडीत रुततात. ओल्या बोळ्यानं कितीही पुसलं तरी ते जात नाहीत. इंग्रजीत याला 'टॅटूइंग' म्हणतात, तो शब्द पॉलिनेशियातल्या 'तताऊ'चा. मराठीत याला बेलाशक गोंदण म्हणावं. आजीच्या हातावरचं तुळशीवृंदावन ज्यांनी पाहिलंय, त्यांना 'पुसलं न जाणारं' हे वेगळं सांगावं लागत नाही. काजळी आणि गोंदण दोन्ही असेल तर नळी जवळ होती, नुसतं गोंदण असेल तर थोडी लांब, दोन्ही नसेल तर बरीच लांब किंवा मध्ये काही आड आलेलं. म्हणून अंगावरचे कपडे जपावे लागतात. ते कुणी धुतले किंवा जाळले, तर अर्धी साक्ष गेली. हातावरचे शिसे, बेरियम, अँटिमनीचे कण नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत तपासले जातात. पण असे कण जवळ उभ्या असलेल्याच्या हातावरही बसू शकतात. जखम अंतर आणि दिशा सांगते. मनात काय होतं, ते ती सांगू शकत नाही.

तरी एका शब्दात आपण तेही सांगून मोकळे होतो : आत्महत्या. हत्या 'हन्' धातूची, ब्रह्महत्या आणि गोहत्येच्या पंक्तीतली. त्या पंक्तीत बसवलं की गेलेला माणूस आरोपी होतो आणि त्याच्या घरच्यांच्या माना खाली जातात. 'जीव दिला' म्हणणाऱ्या बोलीत गुन्ह्याचा वास नाही, आणि मला तेच योग्य वाटतं. कायदाही तिकडे वळलाय. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 जीव द्यायचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरून चालतं, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन सरकारवर सोपवतं. असा ताण सोसणाऱ्या कुणालाही, किंवा त्याच्या घरच्यांना, टेली-मानस या मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीत बोलता येतं.