महामार्गावर इंजिन का तापते? ओमानमधील वाहनचालकांसाठी निदानाची दिशा

मस्कत ते सलाला हे अंतर सुमारे एक हजार किलोमीटर. जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत धोफारमध्ये ‘खरीफ’ असतो; आपल्या खरिपासारखा पिकांचा नव्हे, तर भुरभुर पाऊस आणि धुक्याचा हंगाम. या दिवसांत अनेक मराठी कुटुंबे निझवा, आदम, हैमा, थुमरैत या मार्गाने सलाला गाठतात. आदमनंतर वस्ती विरळ होते आणि उन्हाळ्याच्या दुपारी पारा 45 अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतो. शहरात कधीही न तापलेल्या गाडीचा काटा येथे वर सरकू लागला, तर त्याचा अर्थ समजून घेणे आवश्यक ठरते.

पंखा की प्रवाह?

गाडी सिग्नलवर तापत असेल आणि धावू लागताच थंड होत असेल, तर प्रथम संशय पंख्यावर घ्यावा. महामार्गावर मात्र वेगामुळेच रेडिएटरला भरपूर वारा मिळतो. तरीही इंजिन तापत असेल, तर दोष बहुधा शीतक द्रवाच्या किंवा हवेच्या प्रवाहात असतो. हवेच्या विरोधावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी 80 ऐवजी 120 किलोमीटर वेगाने जाताना ती सुमारे 3.4 पट होते. शहरात झाकून राहिलेली उणीव येथे उघडी पडते. म्हणून अशा तक्रारीवर सरसकट पंखा बदलणे हा बहुतेक वेळा वाया जाणारा खर्च होय.

तपासणीचा क्रम

इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी पाहावी. येथे हिमाचे भय नसल्याने नुसते पाणी चालते, हा समज चुकीचा आहे. कूलंट गंज रोखते आणि उत्कलनबिंदू वाढवते. पाण्याशी निम्मे-निम्मे केलेले मिश्रण साधारण 107 अंशांना उकळते; झाकणाने सुमारे 1 बार दाब राखल्यास ही मर्यादा 125 अंशांच्या पुढे जाते. त्यामुळे सैल झालेले स्वस्त झाकणही दोषी असू शकते.

त्यानंतर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधील फट पाहावी. वाळू, धूळ व कीटक तेथे साचतात आणि समोरून दिसत नाहीत. गाडीखालचे प्लास्टिकचे आवरण निघाले असेल, तरी वारा रेडिएटरऐवजी भलतीकडे वळतो.

पुढचा संशय थर्मोस्टॅटवर. तो अर्धवट उघडत असेल, तर शहरातला प्रवाह पुरतो, महामार्गावरचा पुरत नाही. रेडिएटरच्या पृष्ठभागावर इन्फ्रारेड तापमापक फिरवल्यास अचानक थंड लागणारे पट्टे आतील नळ्या तुंबल्याची खूण देतात. इंजिनाचा वेग वाढवताच खालची रबरी नळी चपटी होत असेल, तर ती बदलावी. वॉटर पंपाची पाती झिजली असल्यास बाहेरून गळती दिसेलच असे नाही.

टाकीत सतत बुडबुडे येणे, गळतीविना कूलंट घटणे किंवा तेल दुधाळ होणे ही हेड गॅस्केट फुटल्याची लक्षणे असू शकतात. अशा गाडीने लांबचा प्रवास करू नये.

वाटेत काटा वर गेल्यास

एसी बंद करून वेग कमी करावा. हीटर पूर्ण सोडल्यास इंजिनाची काही उष्णता बाहेर पडते. काटा तरीही उतरत नसेल, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. उसळणाऱ्या द्रवाने गंभीर भाजते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाण्याचा धोका असतो. कुटुंबाला सावलीत बसवावे आणि पिण्याचे पाणी माणसांसाठीच राखावे. रॉयल ओमान पोलिसांचा आपत्कालीन क्रमांक 9999 आहे.

सलालाहून परतताना थुमरैतकडे जाणारा डोंगरचढ इंजिनाची पुन्हा परीक्षा घेतो. जाताना काटा थोडाही हलला असेल, तर परतीपूर्वी तेथेच तपासणी करून घ्यावी. गाडी निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर आठवडाभर आधी गॅरेजमध्ये दाखवल्यास सुटे भाग मिळवायलाही अवधी उरतो.